येळवस आणि नात्यांची शिदोरी



मार्गशीर्ष अमावास्येला, आपल्या येळवसेला, लातूर-नांदेडकडील गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलतात. भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातील आंबील यांची गोडी असतेच; परंतु मामाने भाच्याला भरविलेला घास आणि झाडाला बांधून दिलेला झोका यांतून जुळलेले नाते जन्मभर पुरते.

आज हीच मुले शिकवणीसाठी शहरात खोली करून एकटी राहतात. गुण हवेतच, पण मन खचले तर ती कोणाजवळ बोलतील? ज्याच्यासंगे सूरपारंब्या खेळली, त्याच्याजवळच.

म्हणून यंदा पुतण्या-भाच्यांना एका दिवसासाठी शेतावर आणा. आंबिलीचा पहिला पेला त्यांच्या हाती द्या आणि खेळात त्यांच्याकडून आनंदाने हरा.