इराण्याचं हॉटेल आणि नवे शेजारी



'इराण्याकडे भेटू' असं मुंबईत सहज म्हटलं जातं. पण हे इराणी इथे आले कसे? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यज्द आणि केरमान भागातून अनेक झरतुष्टी कुटुंबं दुष्काळाला आणि छळाला कंटाळून मुंबईला आली. इराणी मुसलमानही येत होते. डोंगरीतली निळ्या टाइल्सची मुघल मशीद त्यांचीच, १८६० सालची. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं, पुण्यात डेक्कनवरचं गुडलक १९३५ चं.

परक्या मुलखातून आलेल्या या लोकांनी शहराला नुसता बन मस्का दिला नाही, बसायला जागाही दिली. एका चहावर कारकून, टॅक्सीवाला, वकील आणि विद्यार्थी एकाच छपराखाली तासभर बसू शकत होते. एके काळी अशी शेकडो हॉटेलं होती, आज मोजकीच उरली आहेत. जागेचे भाव वाढले, पुढची पिढी दुसऱ्या व्यवसायांत गेली. एखादं हॉटेल बंद झालं की आपण हळहळतो, जुने फोटो टाकतो. पण हळहळीवर पावाची भट्टी पेटत नाही. रोजचं गिऱ्हाईक लागतं.

आज आपल्या गल्लीत उत्तर प्रदेशचा बेकरीवाला आहे, बिहारचा शिंपी आहे, नेपाळहून आलेला मोमोवाला आहे. 'हा बाहेरचा' हे वाक्य त्यांच्या वाट्याला रोज येतं. मुसलमान दुकानदाराकडून काही घेऊ नका, अशी हाक दिली जाते तेव्हा आपल्याला किती लागतं! मग तेच वाक्य आपल्या तोंडून दुसऱ्यासाठी निघता कामा नये.

करायचं काय? आठवड्याची खरेदी त्यांच्याकडे करा, दोन रुपयांसाठी घासाघीस नको. आपली अभ्यासमंडळं, काव्यवाचनं मालकाला विचारून गर्दी नसलेल्या वेळी अशा हॉटेलात घ्या. प्रत्येकाने काहीतरी मागवा. म्हाताऱ्या मालकांच्या आठवणी लिहून घ्या. फेरीवाल्यांना २०१४ चा पथविक्रेता कायदा समजावून सांगा: सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत जुन्या विक्रेत्यांना हटवता येत नाही. अर्ज भरायला त्यांच्याशेजारी बसा.

कयानीने शंभरी ओलांडली ती गिऱ्हाइकांच्या जोरावर. आजच्या नव्या माणसाच्या दुकानालाही ती संधी मिळायला हवी, आणि ती देणं आपल्या हातात आहे.