चाळिशीनंतरची झोपमोड



रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पहाटे मासळीच्या टोपल्या उचलणारी पंचेचाळिशीची एखादी भगिनी मध्यरात्री घामाने भिजून उठते, आणि मग तिचा डोळा लागत नाही. घरची माणसे याला चिंता म्हणतात. ती स्वतः 'उष्णता' म्हणते, आणि तिचाच शब्द सत्याच्या अधिक जवळ आहे.

भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी होते. त्याआधीची काही वर्षे बीजकोशातील इस्ट्रोजेनचा स्राव अनियमित होतो. त्यामुळे शरीराचे तापमान राखणारे मेंदूतील केंद्र हळवे बनते. किंचित उष्मा वाढला तरी घाम फुटतो आणि झोप मोडते.

याच संदर्भात हल्ली मेलाटोनिनचे नाव ऐकू येते. अंधार पडला की मेंदूतील पिनिअल ग्रंथी हा स्राव सोडून शरीराला रात्रीची वर्दी देते. १९५८ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. आरन लर्नर यांनी तो गुरांच्या ग्रंथींतून वेगळा केला. मौज अशी की, हे गृहस्थ त्वचारोगतज्ज्ञ होते व त्वचेच्या रंगाचे कोडे उलगडीत होते. वयोमानाने हा स्राव घटतो, हे खरे. परंतु घामाने मोडलेली झोप मेलाटोनिनच्या गोळीने सुधारते, याला भक्कम पुरावा नाही. निजताना डोळ्यांसमोर मोबाइल धरला तर अंगचे मेलाटोनिनही दबते.

आपल्या कोकणात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे मिश्री. दात घासण्याच्या निमित्ताने रात्री लावलेल्या मिश्रीतील तंबाखू झोप उडवितो. याविषयी बायकांशी कोणी बोलत नाही.

दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या आणणे घातक आहे. रक्तक्षय व थायरॉइड तपासून घ्यावे. घाम असह्य असेल तर संप्रेरक उपचार गुणकारी असतात. मात्र ते सर्वांना मानवत नाहीत, निर्णय डॉक्टरांचाच. निद्रानाशावर सवयी व विचार बदलणारी मानसोपचार पद्धतीही उपयुक्त ठरली आहे. पाळी थांबून वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर मात्र एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठावे.

ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा भरविण्याची तरतूद कायद्यात आहे. सरपंचांनी त्या सभेला प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवावे, आणि हा विषय पत्रिकेवर स्पष्ट शब्दांत लिहावा.