चौकातलं भाषण आणि मोबाइलमधलं भाषण



चौकातल्या सभेत उमेदवार जे बोलतो, ते सगळी वस्ती एकत्र ऐकते. मोबाइलवर तसं नसतं. आपल्या ग्रुपवर ईदच्या शुभेच्छा येतात आणि पलीकडच्या वस्तीत त्याच उमेदवाराच्या प्रचारात आपलीच भीती घातली जाऊ शकते. एकाचा मेसेज दुसऱ्याला दिसत नाही.

२०२० च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत भाजपचे मनोज तिवारी यांचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरला. मूळ भाषण हिंदीत होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने तेच तिवारी हरियाणवीत आणि इंग्रजीत बोलताना दिसले. मे २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना सांगितलं, की बनावट मजकूर लक्षात येताच तीन तासांत काढा. पण तेवढ्या वेळात एखादी क्लिप कुठवर पोहोचते, हे तुम्ही जाणता.

म्हणून उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचा. आयोगाच्या संकेतस्थळावर ते मिळतं. त्यात गुन्हे, मालमत्ता, शिक्षण असतं, तशीच सोशल मीडियाची खातीही असतात. आलेली क्लिप त्या खात्यावर आहे का, पाहा. दुसऱ्या वस्तीतल्या मित्राला विचारा, ‘तुमच्याकडे काय आलंय?’ आचारसंहितेचा भंग दिसला तर सी-व्हिजिलवर तक्रार करा. आणि आपल्या सोयीची खोटी क्लिपसुद्धा पुढे पाठवू नका.

उमेदवार दारात येईल तेव्हा पाणी, शाळा, रोजगार याबद्दल विचारा. उत्तर सगळ्यांसमोर घ्या.