वर येण्याची घाई आणि मज्जारज्जू



अमेरिकेतील सेंट लुईस येथे 1870 साली मिसिसिपी नदीवर जेम्स ईड्स यांच्या पुलाचे काम चालू होते. पाये खडकापर्यंत नेण्यासाठी, तळ उघडा असलेल्या प्रचंड पेट्या पाण्यात उतरवल्या होत्या. पाणी आत शिरू नये म्हणून त्यांत दाबाची हवा भरलेली असे. आत खोदकाम करणारे मजूर खाली असेपर्यंत बहुधा धडधाकट असत. वर आल्यावर मात्र कित्येकांचे पाय लुळे पडत, काही दगावले. त्यांचे वैद्य अल्फोन्स जॅमिने स्वतः खाली जाऊन आले, तेव्हा त्यांनाही पक्षाघाताने गाठले; सुदैवाने ते बरे झाले.

ही इजा खाली जाताना होत नाही, वर येताना होते. पाण्याखाली दर 10 मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. दाब वाढला की द्रवात अधिक वायू विरघळतो, हा शाळेत शिकवला जाणारा हेन्रीचा नियम रक्तालाही लागू आहे. श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत मुरतो. दाब सावकाश उतरला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. एकाएकी उतरला तर सोड्याच्या बाटलीप्रमाणे बुडबुडे उठतात. फ्रान्सच्या पॉल बेर यांनी 1878 साली हे सप्रमाण मांडले.

मज्जारज्जूला याचा विशेष धोका का, याची दोन मुख्य कारणे मानली जातात. तेथील तंतूंवर मेदयुक्त वेष्टन असते आणि मेदात नायट्रोजन पाण्याच्या सुमारे पाचपट विरघळतो. त्यामुळे बुडबुडे जागीच निर्माण होऊन तंतूंना इजा करतात. शिवाय मज्जारज्जूभोवतीच्या शिरांत रक्त संथ वाहते. तेथे बुडबुडे साचले की रक्ताचा निचरा तुंबतो, सूज येते आणि प्राणवायूचा पुरवठा खुंटतो. पाठीत कळ, पायांना मुंग्या, पायांतील बळ जाणे, लघवी अडणे ही त्याची लक्षणे होत.

ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून 1908 साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. पाणबुड्यांची आजची वेळापत्रके त्याच परंपरेतली आहेत. आज अंदमान-लक्षद्वीपच्या समुद्रात हौसेने बुडी मारणाऱ्या तरुणांनाही हाच नियम बांधतो. वर आल्यावर पायांना मुंग्या आल्या, तर तो थकवा समजून झोपी जाऊ नये. तत्काळ शुद्ध प्राणवायू द्यावा आणि दाबकक्ष असलेले रुग्णालय गाठावे. विलंबाने अपंगत्व कायमचे होऊ शकते.

सेंट लुईसच्या मजुरांना वर येताना हवा होता तो थोडा अधिक वेळ. तो किती, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते; आज ते छापील कोष्टकात मिळते.