कोळशाचे दुसरे काम



वणीकरांना कोळशाची ओळख करून देण्याची गरज नाही. तो खाणीतून निघतो आणि वीज तयार करण्यासाठी जळतो. आज त्याच्या दुसऱ्या कामाविषयी बोलावयाचे आहे. ते काम म्हणजे पाण्यातील औषधे काढणे.

आपण घेतलेली सगळी गोळी शरीरात खर्ची पडत नाही. तिचा काही अंश लघवीवाटे गटारात आणि तेथून नदीत जातो. उरलेल्या गोळ्या मोरीत टाकल्या तरी वाट तीच. आपली निर्गुडा पुढे वर्धेला मिळते व खालची गावे त्याच प्रवाहावर जगतात.

सांडपाणी शुद्ध करणारी नेहमीची यंत्रणा मळ व कुजणारी घाण काढते, पण अनेक औषधे तिच्यातून निसटतात. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे सोळा लिटरच्या बादलीत ५०० मिलिग्रॅमची एक गोळी! अशा पाण्यात तग धरणारे जंतू पुढे औषधाला दाद देत नाहीत. मग मूल तापाने फणफणले असता औषध लागू पडत नाही.

यावर एक उपाय सक्रिय कोळशाचा आहे. लाकूड, नारळाची करवंटी किंवा दगडी कोळसा हवा न लागू देता तापवतात आणि नंतर ८०० ते १००० अंश सेल्सिअसला त्यातून वाफ सोडतात. त्यामुळे आत असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. अशा एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग सुमारे हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतो. औषधाचे रेणू त्या पृष्ठभागाला चिकटतात. यालाच अधिशोषण म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून निवडक सांडपाणी केंद्रांना असे सूक्ष्म प्रदूषक काढणे कायद्याने बंधनकारक आहे. तेथे ओझोन किंवा हा कोळसा वापरतात. आपल्या शेतातील पऱ्हाटीपासूनही असा कोळसा प्रयोगशाळांत तयार झाला आहे.

मात्र त्याच्या मर्यादाही ओळखा. वेदनाशामक डायक्लोफिनॅक त्याला चांगले चिकटते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन पाण्यातच रमते व फारसे धरले जात नाही. छिद्रे भरली की कोळसा बदलावाच लागतो. तो जंतू मारीत नाही, म्हणून त्यातून गाळलेले पाणीही उकळणे किंवा क्लोरीन घालणे चुकत नाही. चुलीतला कोळसा तर या कामाचा नव्हेच.

पालकहो, प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका व दिलेला डोस अर्धवट सोडू नका. उरलेली औषधे मोरीत ओतू नका. कोळशाने नदी धुण्यापेक्षा औषध नदीत न जाऊ देणे केव्हाही स्वस्त.

आणि विद्यार्थ्यांनो, कोळसा आणि पऱ्हाटी दोन्ही तुमच्या दारी आहेत. रसायनशास्त्राचे पुस्तक केवळ परीक्षेपुरते उघडू नका. या मातीतला एखादा मुलगा, एखादी मुलगी हे काम पुढे नेईल, अशी आशा बाळगून मी आपली रजा घेतो.