कृत्तिकांची मोटार



पस्तीस वर्षें खडूच्या धुळींत घालविलेल्या मास्तरानें मोटारीवर भाषण करावें, याचें आपणांस नवल वाटेल. मला तर मोटार चालवितांहि येत नाहीं. परंतु न्यूझीलंडांत पुतण्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला असतां त्याच्या दारांतील एका जुन्या निळ्या मोटारीनें मला पुन्हां विद्यार्थी केलें.

तिचें नांव सुबारु इम्प्रेझा. तिच्या नाकावर सहा ताऱ्यांचें चिन्ह पाहून मी थबकलों. ‘सुबारु’ हें आपल्या कृत्तिकांचें जपानी नांव, आणि ‘एकत्र येणें’ हा भावहि त्या शब्दांत आहे. महायुद्धांत विमानें बांधणाऱ्या नाकाजिमा कंपनीचे युद्धानंतर तुकडे झाले. त्यांपैकीं पांच १९५३ सालीं एकत्र आले व त्यांतून नवी कंपनी उभी राहिली. म्हणून चिन्हांत एक तारा मोठा आणि पांच लहान. कार्तिकेयाच्या सहा मातांची गोष्ट वर्गांत सांगतांना हें मला ठाऊक असतें, तर मागच्या बांकावरील मुलांनींहि कान टवकारले असते!

ही मोटार १९९२ सालीं निघाली ती ‘रॅली’ नांवाच्या स्पर्धेवर डोळा ठेवून. रॅली म्हणजे मैदानांतील घोडदौड नव्हे. येथें प्रत्येक गाडी एकेकटी सुटते आणि घड्याळाशीं झगडते. रस्ता कधीं खडीचा, कधीं बर्फाचा, कधीं अरण्यांतील चिखलाचा. शेजारीं बसलेला सोबती पुढच्या वळणांचें टिपण मोठ्यानें वाचीत असतो. त्या वेळच्या नियमाप्रमाणें स्पर्धेंत जी गाडी उतरवावयाची, तशा २५०० गाड्या कारखान्यानें बांधणें आवश्यक होतें. त्यामुळें चार दारांच्या, बाजारहाटाला नेण्याजोग्या मोटारीच्या पोटांत शर्यतीचें यंत्र आलें.

त्या यंत्राची खुबी अशी. इंजिनांतून बाहेर पडणारा धूर आपण वायां गेला असें समजतों. येथें त्याच धुरानें एक चिमुकलें चक्र फिरतें. तें मिनिटाला लाखाच्या घरांत फेरे घेतें आणि बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबतें. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून जोर अधिक. दोन लिटरांच्या इंजिनांतून २४० अश्वशक्ति निघत असे. त्याचे चार सिलिंडर उभे नसून दोन दोन समोरासमोर आडवे असतात. त्यामुळें भार जमिनीलगत राहतो. आणि हा जोर चारही चाकांना वांटला जातो. चिखलांत रुतलेली बैलगाडी दोघांनीं ढकलावी आणि चौघांनीं ढकलावी, यांतला फरक आपणांस सांगावयास नको.

परंतु मला गुंतवून ठेवलें तें यंत्रानें नव्हे. स्कॉटलंडचा कॉलिन मॅक्रे हा या गाडीचा तरुण सारथि. न्यूझीलंडची रॅली त्यानें १९९३ पासून लागोपाठ तीन वर्षें जिंकली. पुतण्याच्या गांवीं अजून त्याचें नांव निघतें. १९९५ सालीं जगज्जेतेपदासाठीं त्याची चुरस होती ती त्याच्याच चमूंतील स्पेनच्या कार्लोस साइन्सशीं. ऑक्टोबरांत स्पेनमध्यें साइन्स पुढें असतां चमूचा हुकूम सुटला कीं, आहे तोच क्रम राहूं द्यावा. मॅक्रेनें तो जुमानला नाहीं. तो पुढें गेला. अखेर वेळेच्या चौकीवर एक मिनिट उशिरां हजर होऊन त्याला दंड ओढवून घ्यावा लागला, आणि विजय साइन्सच्या पदरीं पडला.

हें ऐकतांना मला अस्वस्थ वाटलें. एकदां शाळेच्या क्रीडादिनीं मींच एका मुलाला सांगितलें होतें, “त्या मोठ्या मुलाचें हें शेवटचें वर्ष आहे, तूं यंदा मागें राहा.” तो राहिला. त्यानंतर तो मैदानावर आल्याचें मला आठवत नाहीं. हुकूम पाळणें ही शिस्त खरी; पण हुकूम देणाऱ्याच्या हिशेबाविषयीं मीं वर्गांत कधीं कांहीं शिकविलें नाहीं.

दोघांचे गुण समसमान, ७० झाले. नोव्हेंबरांत ब्रिटनमध्यें शेवटची रॅली. कील्डरच्या अरण्यांत मॅक्रेचें चाक फुटलें आणि सुमारें दोन मिनिटें गेलीं. या खेळांत दोन मिनिटें म्हणजे सर्वस्व. तीं त्यानें सेकंदा-सेकंदानें परत मिळविलीं, आणि चेस्टर येथें तो ३६ सेकंदांनीं साइन्सच्या पुढें होता. सत्ताविसाव्या वर्षीं जगज्जेता झालेला तो पहिला ब्रिटिश सारथि.

पुढचें थोडक्यांत सांगतों. मॅक्रे २००७ सालीं हेलिकॉप्टरच्या अपघातांत गेला. २००८ च्या अखेरीस कंपनीनें जागतिक रॅली सोडली.

पुतण्यानें मला एका सकाळीं खडीच्या रस्त्यानें नेलें. दांडा घट्ट धरून मीं रामनाम घेतलें, हें कबूल करतों. वळण आलें, गाडी तिरपी झाली, चारही चाकांनीं खडी ओरबाडली, आणि ती सरळ झाली. पुतण्या म्हणाला, “काका, डोळे उघडा.” मीं उघडले, आणि आणखी एकदां त्याच वळणावर नेण्यास त्याला सांगितलें.