सरकारची तूट कशाने आटते?



फेब्रुवारीच्या १ तारखेला केंद्र सरकारचा अर्थसंकल्प मांडला जातो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात राजकोषीय तुटीचा आकडा ठळक टाइपात झळकतो. आपण त्यावरून नजर फिरवतो आणि काय महागले, काय स्वस्त झाले, तिकडे वळतो. वास्तविक उद्याच्या महागाईचे बी पुष्कळदा त्या आकड्यातच असते.

कर आणि इतर जमा धरून सरकारला जेवढे मिळते, त्याहून खर्च जेवढा अधिक, तेवढी रक्कम कर्जाने उभी करावी लागते. हीच राजकोषीय तूट. ती मोजायची देशाच्या वार्षिक उत्पन्नाशी ताडून. १९९०-९१ साली केंद्राची तूट या उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांहून अधिक होती. पुढच्याच वर्षी परकी चलनासाठी देशाला सोने गहाण टाकावे लागले, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

अशा वेळी सोपा उपाय सुचतो, तो कात्रीचा. जुलै १९९१च्या अर्थसंकल्पात निर्यातीवरील अनुदाने गेली, खतांच्या किमती वाढल्या, आणि वर्षाअखेर तूट साडेपाच टक्क्यांच्या आसपास आली. पण कात्री चालते कुठे, ते पाहा. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना हात लावता येत नाही. मग कापले जातात कालवे, रस्ते, वीजघरे. कारण न बांधलेला कालवा मोर्चा काढीत नाही! असे वाचवलेले पैसे पुढे उत्पन्न खुंटवून आपली किंमत वसूल करतात.

दुसरा उपाय, उसनवारीची सोपी वाट बंद करणे. १९५५ पासून अशी व्यवस्था होती की, रिझर्व्ह बँकेतील सरकारची शिल्लक ठराविक रकमेखाली गेली की तदर्थ कोषागार हुंड्या आपोआप निघत आणि बँक नवा पैसा पुरवी. तात्पुरती म्हणून काढलेली ही सोय चाळीस वर्षे टिकली! १ एप्रिल १९९७ पासून ती बंद झाली. हे आवश्यकच होते. पण नळ बंद केल्याने तहान भागत नाही. पाचव्या वेतन आयोगाचा भार आला आणि तूट पुन्हा वर चढली.

मग ती खरोखर आटली केव्हा? २००३ नंतरच्या पाच वर्षांत. तूट ३ टक्क्यांवर आणण्याचे बंधन घालणारा कायदा २००३ साली झाला, हे खरे. पण मोठे काम केले ते वाढत्या उत्पन्नाने. कारखाने चालले, नफे वाढले आणि कराचा भरणा त्याहूनही वेगाने वाढला. १९९४ साली दूरध्वनी, विमा व शेअर दलाली या तीनच सेवांवर सुरू झालेला सेवाकर एव्हाना कितीतरी सेवांवर पसरला होता. २००७-०८ साली तूट २.५ टक्क्यांच्या आसपास उतरली. अर्थात, खनिज तेल व खतांचा काही बोजा रोख्यांच्या रूपाने अंदाजपत्रकाबाहेर ठेवला होता, हेही सांगितले पाहिजे. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी, शेतकऱ्यांची कर्जमाफी आणि सहावा वेतन आयोग एकत्र आले, आणि तूट ६ टक्क्यांवर गेली.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण घरात सांगतो. सरकारच्या बाबतीत एक भेद आहे. त्याचे अंथरूण लोकांच्या कमाईने विणलेले असते, आणि ते लांब-आखूड होते. महामारीच्या २०२०-२१ या वर्षी लोकांची कमाई बुडाली, मोफत धान्य देणे भाग पडले, आणि तूट ९.२ टक्के झाली. त्या वर्षी पाय आखडून घेतले असते, तर उपाशी कोण राहिले असते? २०२४-२५ पर्यंत ती ४.८ टक्क्यांवर आली, तेव्हा कराचा भरणाही सुधारला होता.

परंतु म्हणून निश्चिंत राहता येत नाही. आज केंद्राच्या महसुली जमेतील एक तृतीयांशाहून अधिक रक्कम नुसत्या व्याजात जाते. शाळा-दवाखान्यांच्या वाट्याचे पैसे आधी सावकाराच्या दारी पोचतात, असाच याचा अर्थ.

तेव्हा पुढच्या वेळी तुटीचा आकडा वाचाल, तेव्हा तो घटला एवढ्यावर समाधान मानू नका. तो कराच्या भरण्याने घटला की कालवे अडवून, हे विचारा. आणि उसने घेतलेले पैसे बांधकामात गेले की रोजच्या खर्चात, हेही पाहा. फेड अखेर तुमच्याआमच्या मुलांनाच करायची आहे.